चाळीस अक्षरांची पट्टी

तोर्सहावनच्या बंदरावर, मासळीच्या गोदामाच्या माथ्यावर
आमचं ऑफिस. नवी यंत्रं आली त्या सोमवारी
मी हाल्बियर्नला सांगत सुटलो, किती खिडक्या उघडतात:
एकीवर एक, सावलीसकट,
ओढली की सरकते, सोडली की थांबते,
कोपऱ्यात चिमुकला कचऱ्याचा डबा,
त्यात टाकलं की कागद चुरगळल्याचा आवाजसुद्धा येतो.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं,
"खिडकीतून दिसतं काय?"

त्याला जन्मापासून दिसत नाही
हे मी विसरलो नव्हतो.
उत्साहात जरा बाजूला सरकवलं होतं,
खिडकीसारखं.

त्याच्या टेबलावर पडदा नाही.
एक पट्टी आहे, चाळीस अक्षरांची.
तिच्यावर ठिपके वर येतात, खाली बसतात
आणि त्याची बोटं डावीकडून उजवीकडे
तांदूळ निवडल्यासारखी फिरतात;
खडा लागला की थांबतात.
"सातशे बारावी ओळ. कंस उघडाच राहिलाय तुझा."

नव्या यंत्रात चित्रं होती.
चित्रांना ठिपके नव्हते.
तीन दिवस तो त्या सपाट पट्टीवर हात ठेवून बसला.
कंपनीनं कळवलं: पुढच्या आवृत्तीत बघू.
"बघू," तो म्हणाला,
आणि एवढा हसला की चहा सांडला.

गुरुवारी रात्री वादळ.
रान्वाची बोट दूर समुद्रात, तिचा वजनकाटा आमच्या प्रोग्रॅमवर चालणारा,
आणि तो ठप्प.
माझ्या पडद्यावर तिच्या यंत्राची खिडकी
वरून खाली उतरत होती, मुंगीच्या पावलांनी.
अर्धं निळं उतरलं.
मग तेही थिजलं.

हाल्बियर्ननं अडगळीतलं जुनं टर्मिनल जोडलं.
विहिरीत पोहरा सोडावा तशी
एक ओळ गेली.
वाट पाहिली.
भरून एक ओळ वर आली.
पुन्हा सोडली.
मी नुसता त्याच्या बोटांकडे बघत होतो,
आणि बाहेर पत्रे थडथडत होते.

पहाटे रान्वाचा निरोप: काटा चालू. कॉड, अकराशे किलो.

मी अजून खिडक्याच वापरतो.
मला रंग आवडतात, त्यात लाज कसली.
पण त्या पहाटे कोट चढवता चढवता
त्यानं सहज विचारलं,
"ते अर्धं निळं म्हणालास, कसं होतं?"

दारात उभा राहून मी शब्द शोधत राहिलो,
चाळीस अक्षरांत बसतील असे.