पत्रे

पर्बता ढोक, लहानपणापासून कमरेत अधू,
जिनात रुईच्या गाठींवर नंबर रंगवायची.
उरलासुरला काळा रंग घरी आणून
डब्याच्या पत्र्यावर स्वतःला.

पहिल्या पत्र्यावर सगळं आहे:
नथ, देवीचे व्रण, मागं संत्र्याची फांदी.
पुढं फांदी गेली.
मग नथ (ती तशी आधीच विकली होती).

नागपूरहून चित्रकलेचे एक सर आले. म्हणाले,
दूर बर्फाच्या मुलखात एक बाई अशीच
आरशात बघून स्वतःला कमी करत गेली.
‘तिकडं पऱ्हाटी व्हते काय?’
हिनं एवढंच विचारलं.

शेवटचा पत्रा मे महिन्यातला:
राख, एक रेघ,
उजवा डोळा.

‘आत्या, हे त अर्धंच हाय.’
‘पुसून पाह्य.’

भाचीनं पदर ओला करून घासलं.
रेघ थोडी फिकटली.