अगं

सोहारच्या गोदामांमागे सापडली,
मागचा पाय वाळूत ओढत.
"तीनच आठवडे सांभाळ," डॉक्टर सुमैया म्हणाली.

नऊ दिवस सोफ्याखाली.
एसी घरघरला की थरथरायची.
माझी कोल्हापुरी, चटईचा कोपरा,
शेजारच्या मिसरी बाईंची झोप,
सगळं खाल्लं.

दहाव्या रात्री भाकरी थापताना
पोटरीला ओलं नाक लागलं.

रोज नावं ठेवली तिला,
नाव मात्र ठेवलं नाही. लळा लागतो.
नुसतं 'अगं' म्हणायचे,
तर वळून बघायला लागली.

आज तिचे कागद आले.
हॉलंडला घर, अंगण, दोन मुलं.
(माझा व्हिसा अजून कचेरीतच.)
नावाच्या रकान्यापाशी पेन अडलं,
मग तेच लिहिलं.

तिथला 'ग' म्हणे घशातून खरवडत येतो.
वळेल ना ती?