शून्य सेकंद

ताकुआरेंबोच्या उत्तरेला, मेंढ्यांच्या कुंपणाशी
नेलिदा एचेबेरींनी तिपाई रोवली.
जूनची थंडी. काटेरी तारेवर दव गोठून कडक झालेलं.
टॉर्चला लाल कागद लावून मी उभा,
बगलेत येर्बाचा थर्मास,
बोटं दुसऱ्याच कुणाची तरी.

लघुग्रह दिसणार नव्हताच.
ते त्यांनी वाटेतच सांगून टाकलेलं, गिअर बदलता बदलता:
मंगळाच्या पलीकडे, गुरूच्या अलीकडे
दगडांच्या गर्दीतला एक दगड, चार आकडी नंबर,
आपल्या नळीला त्याचा उजेड पुरायचा नाही.
"तो एका ताऱ्यापुढून जाईल, तारा विझेल.
विझलेला बघायचा. एवढंच काम."

सहा-सहा किलोमीटरवर आमची माणसं:
शाळेच्या पटांगणात अदेमार,
पुलावर सिल्वेरा बहिणी,
पेट्रोल पंपामागे गुरांचा डॉक्टर, त्याला जांभया आवरत नाहीत.
सगळ्यांत उत्तरेला आम्ही.

नेलिदा रेल्वेत होत्या. गाड्या बंद पडल्या
तरी स्टेशनातलं घड्याळ लावायला रोज जायच्या.
लोक हसायचे.
आता त्याच आवाजात मोजत होत्या,
एकवीस, बावीस, तेवीस...
ज्येष्ठेच्या वीतभर वर तो तारा, मोहरीएवढा, फिका.
मी पापणी लवू दिली नाही.
डोळ्यातलं पाणी गालावर आलं आणि तिथंच गार झालं.

चाळीस. एक्केचाळीस.
तारा होता.
पन्नास. होता.
एक मेंढी खोकली, अगदी माणसासारखी.
तारा होता.

"हुकलं," मी म्हणालो. दोन तासांचा रस्ता, हा गारठा...
त्या काही बोलल्या नाहीत.
मालगाडीची वेळ टिपावी तसं
वहीत ठळक लिहिलं: शून्य.

मग फोन वाजू लागले.
अदेमार: एक पूर्णांक एक.
बहिणी: दोन पूर्णांक तीन, दोघी एकदम बोलत.
डॉक्टर: दीड. बहुतेक दीड.

गाडीच्या टपावर हिम धरलं होतं. त्यात नेलिदांनी बोटाने
तीन रेघा ओढल्या, आखूड, लांब, आखूड.
मग वर थोडी जागा सोडून
नुसतंच बोट टेकवलं.
"हा तू. इथवर तो येत नाही.
हे कुणीतरी सांगायला हवंच होतं ना?"

मी टपाकडे बघत राहिलो.
बटाट्यासारखं काहीतरी, एका अंगाने चेपलेलं,
माझ्यापाशी येता येता संपलेलं.

थर्मासमधलं पाणी कोमट झालं होतं.
तेच प्यायलो आम्ही, आळीपाळीने, एकाच नळीने.