मॉड स्केल्टनचं उत्तर

शब्दकोशाच्या कचेरीतून छापील पत्र आलं ग्रिम्सबीला,
मासळीधक्क्यामागच्या धुलाईघरात :
'स्पॅटर हे क्रियापद आपल्या भागात कसं वापरतात?
कृपया एका कार्डावर एकच अर्थ.'

मॉड स्केल्टनने एप्रनला हात पुसले,
पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं.

पहिलं कार्ड. चरबी.
शुक्रवारी मासे तळणाऱ्या पोरांच्या बाह्या,
मनगटापासून कोपरापर्यंत पिवळे ठिपके.
गरम पाणी, सोडा. निघतात.

दुसरं. चिखल.
कोळशाच्या गाडीने उडवलेला.
विजारीच्या एकाच पायावर जास्त असतो,
त्यावरून कळतं माणूस रस्त्याच्या कुठल्या कडेने चालत होता.
आधी वाळू द्यावा.
ओल्याला हात लावलात की घर करतो.

तिसरं तिने दोनदा लिहिलं.
रक्त. धक्क्यावर कॉड कापणाऱ्यांचं,
म्हणजे कॉडचं.
गार पाणी, नेहमी गारच.
गरम घातलंत तर जन्माचं राहील.
एका सदऱ्यावरचं कॉडचं नव्हतं.
विचारलं नाही.
धुतला, इस्त्री केली, घडीवर नाव टाचून दिला.

मग भट्टीत कोळसे घातले,
दोन चादरी पिळल्या,
आणि चौथं कार्ड पुढे ओढलं.

माझ्या बहिणीच्या नावावर.
एथल एकदा संध्याकाळी
बर्गनच्या एका खलाशाशी हसून बोलली.
एवढंच.
चॅपलमधल्या बायकांनी शिंतोडे उडवले,
एकेकीने थेंबभरच.
कुणीही बादली ओतली नाही,
त्यामुळे धुऊन द्यायची पाळीही
कुणावर आली नाही.
पाणी : ठाऊक नाही.

खाली, कार्डाच्या कडेला, बारीक अक्षरात :

साहेब, तुम्ही लिहिलंय 'लहान थेंबांनी उडणे'.
लहान खरंच.
पण उडाल्यावर ते कुठे जातात, ते लिहिलं नाहीत.
रिकाम्या आवारात नळ फुटला
तर आम्ही म्हणतो, पाणी उडालं.
हा शब्द आमच्याकडे तेव्हाच काढतात
जेव्हा जवळ कुणीतरी उभं असतं,
बहुतेक वेळा
धुतलेल्या कपड्यांत.

सहा आठवड्यांनी आभाराचं पत्र आलं.
तीन कार्डं ठेवून घेतली होती.
चौथं सोबत परत :
'उदाहरण खासगी स्वरूपाचं आहे.'

तिने ते गार पाण्याच्या नळावर खिळ्याला अडकवलं.
दिवसभर तिथे कपडे आपटले जातात,
कार्ड ओलं होतं, वाळतं,
कडा फुगून वळल्यात.

शाई असती तर केव्हाच गेली असती.
पेन्सिल पाण्याने जात नाही,
एवढं तिला लिहितानाच ठाऊक होतं.