एक मिनिट शांतता

“आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही,”
मी म्हणालो, हेडफोन कानांवर घट्ट बसवत.
चिखलात गुडघाभर रुतलेली भानाबाय थबकली.
“का रे? कोन गेला?”

कुणी नाही, मावशी. जागेचा नुसता आवाज घ्यायचाय.
एडिटिंगला लागतो,
दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला.

“मंग घे की,” म्हणाली आणि उभी राहिली
हातात गाभोळीची चिंबोरी तशीच धरून.

ट्रॉम्बेच्या जेट्टीपलीकडे, तिवरांच्या आत,
सात बायांनी बांबूला लाल परकराची चिंधी बांधून
ठरवलंय : याच्या पुढे दिवाळीपर्यंत जाळं नाही.
ना सही, ना शिक्का. दंड एवढाच,
मोडणाऱ्याच्या घरी हळदीला कुणी नाचायला जायचं नाही.
डेल्सीनं हे तीनदा विचारून घेतलं.
तिला कायद्याचं कलम हवं होतं.

सुरुवातीला कानांत नुसती रिफायनरी.
मग लांबचा एक भोंगा. सुमेधच्या पोटातली गुरगुर.
मग चाळिसाव्या सेकंदाला वगैरे
चिखल बोलू लागला :
टप्. टिक्. टप्.
पाणी उतरलं की बिळांतून हवा सुटते म्हणे.
मला वाटलं, खूप लहान तोंडांनी कुणी
खूप मोठं काहीतरी चघळतंय.

मिनिट संपलं. भानाबायनं वाकून चिंबोरी सोडली,
चिंधीच्या आतल्या अंगाला.
तो शॉट आमच्याकडे नाही.
सुमेध तेव्हा चिखलात स्वतःचा बूट शोधत होता.

फिल्म दाखवली कोळीवाड्यात,
जाळी सुकवतात त्या अंगणात, चादरीवर.
पोरं स्वतःला बघून किंचाळली.
पडद्यावर अक्षरं आली : ‘अमावस्येची ओहोटी’.
मागून भानाबाय : “खोटा हाय.”

प्रोजेक्टर थांबवला.
ती चादरीपाशी गेली, तिवराच्या मुळांवरच्या
ओल्या रेघेवर बोट ठेवलं. तिच्या सावलीनं अर्धी खाडी झाकली.
“अवसेचा पानी इतक्यावर थांबतो का?
हा अष्टमीचा भांग.”

डेल्सीनं फोनवर तारीख ताडून पाहिली.
अष्टमीच होती.

रात्री दोनला पाटी बदलली. बाकी फिल्म तशीच.
फक्त शेवटी, सगळी नावं वर सरकून गेल्यावर,
काळ्या पडद्यावर मी ते मिनिट ठेवलंय, पूर्ण.
सगळे सांगतात, काप. लोक उठून जातात,
खुर्च्या वाजतात.

वाजू देत.
चाळिसाव्या सेकंदापर्यंत
थांबतंच कुणीतरी.