सव्वा

बेट इतकं लहान की
वारा एका टोकाला शिरला
तर दुसऱ्या टोकाचं दार आपटतं.
गुनवोरनं इथे बारा घरं बांधली आहेत आयडर बदकांसाठी,
समुद्रानं आणून टाकलेल्या फळ्यांची,
आत वाळवलेलं समुद्रशेवाळ, हातानं विंचरलेलं.
मे महिन्यात कुणी हातोडा उचलत नाही,
लाल स्वेटर वाळत घालत नाही.
पाहुण्या यायच्या आहेत.

एस्किल विद्यापीठातून आलाय, मोजायला.
बारा घरं, बारा आकडे:
तीन, एक, शून्य, दोन, शून्य, चार,
एक, शून्य, शून्य, दोन, एक, एक.
या सगळ्यांच्या मागे एकच अज्ञात धरायचा, लॅम्डा.
तो केवढा मानला
तर नेमकं हेच घडण्याची शक्यता सगळ्यात जास्त?
बारा शक्यता तो एकमेकींना गुणत जातो
आणि गुणाकार झिजतो
साबणाच्या वडीसारखा,
शेवटी हाताला लागेनासा होतो.

म्हणून लॉग.
लॉग म्हणजे गुणाकाराला समजावणं,
बाबा रे, बेरजेनं राहा.
शिखर त्यानं जागचं हलत नाही,
चढण तेवढी माणसाच्या पायाला जमेल अशी होते.

मग विकलन.
लॅम्डाला बोट लावून जरासं ढकलायचं
आणि बघायचं, कोण कोण हलतं.
वजा बारा लॅम्डा हलतो: उरतात वजा बारा.
पंधरा लॉग लॅम्डा हलतो: उरतात लॅम्डाच्या डोक्यावर पंधरा.
तिसरं पद ढिम्म.
त्यात लॅम्डा नाहीच.
त्यात आहेत फॅक्टोरियल,
म्हणजे एका घरातल्या चार माद्या
कुठल्या चोवीस क्रमांनी आल्या असत्या, त्याचा हिशेब.
स्थिरांकाचं विकलन शून्य.
एस्किल त्यावर तिरकी रेघ मारतो,
कॉफीचा घोट घेतो.

चढ शून्य, म्हणजे माथा.
पंधरा भागिले बारा.
सव्वा. विड्याच्या पानावर ठेवावा असा आकडा.

"हे तर मी नुसतं भागून सांगितलं असतं," गुनवोर म्हणते,
"आणि पाव पक्षी कुठला? शेपटीकडचा?"

तो हसतो. दुसऱ्यांदा विकलन करून दाखवतो:
चिन्ह वजा, म्हणजे माथाच हा, दरी नव्हे.
पण रुंद माथा, गोल.
एक म्हटलं काय, दीड म्हटलं काय,
फार खाली उतरावं लागत नाही.
बारा घरांत याहून टोकदार काही मिळत नाही.

"रिकामी घरंही धरलीस?"
"धरली. नाहीतर उत्तर दोनच्या जवळ गेलं असतं."
ती काही बोलत नाही. त्या चार घरांतलं शेवाळही
तिनंच विंचरलं होतं.

मग खिडकीशी उभी राहून सांगते,
सहाव्या घरात आता चार नाहीत.
आधी आली तुटक्या नखाची, मग तिची बहीण असावी,
मग ती भित्री, तीनदा दारातून परतलेली.
चौथी काल रात्री उठून नवव्यात गेली.

एस्किल खोडरबर शोधतो. थांबतो.
चाराचे तीन, शून्याचा एक,
बेरीज पंधराच.
चढ तोच, माथा तोच,
सव्वा जागच्या जागी.
बदललं फक्त तिसरं पद,
रेघ मारलेलं.

तरी तो खोडतो, नव्यानं लिहितो,
पानाच्या कडेला जागा करत विचारतो,
"भित्री दुसरी ना?"
"तिसरी," गुनवोर म्हणते. "नीट ऐकत जा."