चतुःसीमा

परभणीच्या मुख्यालयात तीन दिवस,
पत्र्याच्या हॉलमध्ये, एप्रिलात.
कूलर होता. त्यात पाणी नव्हतं.
शिकवायला आलेली नाझिमा मॅडम
माझ्या धाकटीच्या वयाची.
टेबलावर मांडत गेली:
एक बल्ब, दारावरची घंटी, मनगटी घड्याळ,
विहिरीवरच्या मोटारीचा सिमकार्डवाला स्टार्टर.
म्हणाली, हे सगळे साक्षीदार.
मागून लिंबाजी बोलला,
"मॅडम, आमच्याकडं माणसं फुटतात, हे तर कंपनीचे!"
हॉल हसला. तीही हसली.
मग घड्याळ पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं:
"साक्षीदाराला दटावू नका.
आधी बाहेरच्यांशी त्याचं बोलणं तोडा."

एकतीस वर्षं मी पंचनामे लिहिले.
मौजे अमुक, घर पत्र्याचं, तोंड उगवतीला.
टाचणीएवढा डागही सुटला नाही माझ्या हातून.
दुसऱ्या दिवशी सरावाला बल्ब दिला.
सवयीनं लिहिलं,
चतुःसीमा: पूर्वेस पलंग, पश्चिमेस खिडकी,
तेवढ्यात तिनं मोबाईलवर बोट फिरवलं
आणि माझ्यासमोरचा बल्ब निळा झाला.
"याची उत्तरेची हद्द कुठं लिहाल, जमादार?"

निळा.
हा शब्द मी ऐकला होता.

दोन वर्षांमागं, पोळ्याच्या आदल्या दिवशी,
चारठाण्याची दैवशाला ठाण्यात आलेली.
नवरा चाकणला, कंपनीत.
"साहेब, रात्री दिवा आपोआप निळा होतो.
बहीण येऊन गेली की पाच मिन्टात फोन, कोण होती?
मी दार किती वेळा उघडलं ते त्याला तिथं कळतं."
मी रजिस्टर उघडलं नाही.
म्हणालो, "माय, झोप लागती का नीट?"
शेजारच्या शिपायानं लिंबू उतरवायला सांगितलं.
ती रडली नाही.
फक्त वर पाहिलं, आमच्या साध्या ट्यूबलाइटकडं,
जणू तीही ऐकतीय.

तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र, गटाचा फोटो, मठ्ठा.
फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत.

चौथ्या दिवशी मी आणि कुशावर्ता नाईक
मोटारसायकलवर चारठाण्याला.
दैवशालानं पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.
मी म्हणालो, "ते... त्या दिव्याचं..."
ती आत गेली,
स्टीलचा डबा घेऊन आली,
झाकणाला चिकटपट्टीचे वेढे.
आत, ज्वारीच्या पिठात पुरलेली, घंटी आणि बल्ब.
"फोडलं असतं तर त्यानं मला फोडलं असतं.
डब्यात घातलं अन् सांगितलं, गावात रेंजच नाही.
चारठाण्याची रेंज त्यालाबी माहीत व्हती."
झाकणावर मार्करनं तारीख घातलेली.
पोळ्यानंतरची तिसरी.

संध्याकाळी समाजमंदिरात अकरा बाया जमल्या.
कुशावर्तानं काय चोरीला गेलं ते विचारलंच नाही.
विचारलं, "कुणी बसवून दिलं? पासवर्ड कुणाकडं?"
आधी कुणी बोलेना.
मग कोपऱ्यातून एक म्हातारी,
"आमची मोटार रात्री आपल्या मनानं चालू होती बगा."
सगळ्या हसल्या.
तीन जणी हसल्या नाहीत.
त्यांची नावं मी वेगळ्या पानावर घेतली.

रात्री ठाण्यात लिहायला बसलो.
पूर्वेस स्वयंपाकघर. पश्चिमेस सार्वजनिक रस्ता.
उत्तरेस चाकण, नवऱ्याचा खिसा.
दक्षिणेस कंपनीचा संगणक, ठिकाण अज्ञात,
पत्रव्यवहार केला आहे.
आजवर एवढं मोठं घर मी मोजलं नव्हतं.

मग फिर्यादीचा छापील कागद, त्यातला रकाना:
फिर्याद उशिरा देण्याचे कारण.
समोर दैवशाला, मांडीवर रिकामा डबा.
"लिहा की," म्हणाली.

फिर्यादी वेळेवर आली होती, लिहिलं,
आणि पुढं माझा बक्कल नंबर.